एक्केचाळीस वेळा उघडलेलं दार

लग्न होऊन घरात आल्याला आठवडाही झाला नव्हता, तेव्हा सासूबाईंनी तिचं नाव ठेवलं ते भिंगरी. स्वयंपाकघरातून गॅलरीत, गॅलरीतून दारात, दारातून पुन्हा स्वयंपाकघरात. एका जागी बूड टेकेल तर शपथ. सासूबाई आपल्या खुर्चीतून नुसती मान फिरवत बसायच्या. संध्याकाळी मुलाकडे तक्रार गेली की तुझ्या बायकोकडे बघून बघून माझी मान आखडली. मुलगा शिंपी. तोंडातली टाचणी न काढताच तो म्हणाला, "मग बघू नकोस." नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. घरातून गल्लीत गेलं, गल्लीतून कामावर, आणि पुढे तर समुद्रापार गेलं.

आणि अशा बाईला काम कसलं मिळावं? वाट बघायचं.

बियाणं तपासायची प्रयोगशाळा होती ती. दुमजली इमारतीचा तळमजला, उत्तरेकडे ओळीनं खिडक्या, पांढरी फरशी, आणि हिवाळ्यात पायांना झोंबणारा गारठा. पोत्यातलं बी शेतात पडल्यावर उगवणार की नाही, हे आधी इथे ठरायचं. पोत्यातून मूठभर नमुना यायचा. त्यातल्या चारशे बिया मोजून शंभर-शंभर अशा चार ट्रेमध्ये ओल्या टिपकागदावर ओळीनं मांडायच्या आणि ट्रे उगवणपेटीत ठेवायचे. उगवणपेटी म्हणजे माणसाएवढं उंच कपाट. आत दिवा, ठरलेली ऊब, ठरलेली ओल. दार लावलं की नाटक आत सुरू, आपण बाहेर. कुठल्या बियांना सात दिवस, कुठल्यांना चौदा. मुदत भरली की एकेक रोप चिमट्यानं उचलून ठरवायचं: हे धड, हे लंगडं, हे बी मेलेलं, आणि हे नुसतं झोपलेलं. कारण काही बिया जिवंत असूनही उगवत नाहीत, अजून आपली वेळ झाली नाही असं धरून पडून राहतात. झोपलेल्याला मेलेलं लिहिणं हे या कामातलं सगळ्यात मोठं पाप.

भिंगरीनं हे काम चोवीस वर्षं केलं. मन जागेवर राहावं म्हणून ती मोजायची. बिया तर मोजायचीच, पण जिन्याच्या पायऱ्या (बावीस), बसमधली उभी माणसं, नवऱ्याच्या डब्यातली बटणं, सासूबाईंचे उसासे, सगळं मोजायची. सवयच ती. खोलीत बिया मोजायचं यंत्र आलं तेव्हा यंत्रानं चारशे सांगितले आणि हिनं तीनशे नव्व्याण्णव. परत मोजलं. यंत्राच्या फटीत एक बी अडकलेलं निघालं.

पण अहवालाच्या खाली तिची सही नसायची. सही साहेबांची. सहीला प्रमाणपत्र लागायचं, आणि गंमत अशी की ते प्रमाणपत्र देणारा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम तिच्याच खोलीत भरायचा. दर हिवाळ्यात सहा आठवडे, बारा देशांतून बारा जण. त्यांचे ट्रे कोण धुणार? भिंगरी. टिपकागद कोण कापणार? भिंगरी. चिमटा कसा धरायचा हे व्याख्यानात एका वाक्यात उरकलं जायचं, आणि मग ती प्रत्येकाच्या मागे उभी राहून बोटं सरळ करायची. "चिमटा गळा दाबायला नाही, बोट धरायला असतो," हे वाक्य तिच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीतही सगळ्यांना कळायचं. घरी परतल्यावर ते आपापल्या प्रयोगशाळांचे फोटो पाठवायचे. पाकिटावर नाव भिंगरीच. तिच्या स्वतःच्या कपाटाच्या दाराला आतून असे सदतीस फोटो चिकटवले होते. चोवीस वर्षं ती विंगेत उभी होती. सगळ्यांचे संवाद पाठ, प्रवेश एकही नाही.

त्या हिवाळ्यात एका पाहुण्याला व्हिसा मिळाला नाही. पहिल्याच सकाळी बारावी खुर्ची रिकामी राहिली. भिंगरीनं ती खुर्ची एकदा पुसली, दोनदा पुसली, तिसऱ्यांदा पुसून झाल्यावर फडकं हातात घेऊन तशीच साहेबांच्या खोलीत गेली.

"साहेब, बाराव्या खुर्चीवर मी बसू का?"

साहेब भला माणूस. चष्मा कपाळावर आणि शोध टेबलावर. म्हणाले, बसा की, पाय दुखत असतील.

"पाय नाही दुखत. परीक्षेला बसू का?"

साहेबांना चष्मा सापडला. त्यांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं, मग वर दोन फोन केले, दुपारी आणखी एक केला. संध्याकाळी त्यांनी तिला नीट समजावून सांगितलं. पास झाली तर अहवालावर तिची सही चालेल. पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले तरी तपासणीचं काम इथेच राहील. नापास झाली तर विषय संपला, कारण अशी परवानगी वरून एकदाच मिळते, दुसऱ्यांदा मागायला त्यांना तोंड राहणार नाही.

घरी सांगितल्यावर शिंप्यानं मशीन थांबवलं, हे त्याच्या दृष्टीनं टाळ्या वाजवण्यासारखं होतं. सासूबाई तेवढ्या चिंतेत पडल्या.

"सहा आठवडे एका खुर्चीवर? अगं, खुर्चीला विचारलंस का?"

शिकवायला आणि परीक्षा घ्यायला परदेशातून एक बाई आल्या होत्या. पांढरे आखूड केस, जाड तळाचे बूट, आवाज इतका हळू की ऐकायला खोलीनं आपण होऊन गप्प व्हावं. सगळे त्यांना परीक्षकबाई म्हणायचे. पहिले चार आठवडे भिंगरीचे बरे गेले. लेखी परीक्षेत तिचं व्याकरण लंगडलं, पण बियांबद्दल ती कुठे अडली नाही. राहिली ती शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा, आणि निकाल सगळा तिच्यावर.

बारा जणांना एकाच गवताचं बी मिळालं. बी मिसळून त्याचे बारा सारखे वाटे करायचं काम प्रयोगशाळेतल्या काकांचं. काका तेहतीस वर्षं त्या वाटणीच्या यंत्रावर उभे होते. वरून बी ओतायचं, खालून दोन बाजूंना सारखं पडायचं, पुन्हा ओतायचं. कुठलीही चिमूट उचला, ती दुसऱ्या चिमटीची सख्खी बहीण निघाली पाहिजे. काका म्हणायचे, "माझ्या वाटणीत भांडण नाही. भावाभावांनी वकिलाकडे जाण्याआधी माझ्याकडे यावं." निवृत्तीला त्यांचे तीन महिने उरले होते.

ट्रे पेटीत गेले. मुदत चौदा दिवस. दार रोज सकाळी एकदा उघडायचं, कागद ओले करायचे, बाजूला टांगलेल्या वहीत नोंद करायची, बस्स. दारावर पाटीच होती: "दिवसातून एकदाच. बिया पळून जात नाहीत." अक्षर भिंगरीचं. या पाटीसमोर उभं करून तिनं किती देशांच्या माणसांना झापलं होतं.

पेटीची किल्लीही तिच्याकडेच होती. नेहमीचीच. ती काढून घ्यावी हे कुणाला सुचलं नाही, तिला तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेले आणि ती पेटीसमोर थांबली. कागद सुकला तर नसेल? तिनं दार उघडलं. आतल्या उजेडात नीट दिसेना, म्हणून आपले चार ट्रे उचलून खिडकीपाशी नेले. कागद ओला होता. बिया बिया होत्या. चार मिनिटांनी ट्रे परत गेले, दार लागलं. वहीत काही लिहिलं नाही. एवढ्याशाचं काय लिहायचं?

तिसऱ्या दिवशी दोनदा. चौथ्या दिवशी तीनदा. ती काही करत नव्हती, फक्त बघत होती. कधी नव्हे ते हे बी तिचं स्वतःचं होतं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या नमुन्यांसमोर तिनं हाताची घडी घालून वाट पाहिली, आणि आपल्यावर आल्यावर जीव थाऱ्यावर राहीना. घरी भाकरी तव्यावर करपली. बसमधून एक थांबा आधीच उतरली. शिंप्यानं सांगून पाहिलं की कापड दोनदा मापावं, पण मधेमधे कापून बघू नये. ती हो म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी चारदा दार उघडलं.

सहाव्या दिवशी तिच्या ट्रेमध्ये हिरवी टोकं आली. इतरांच्याही आली, पण विरळ. तिच्या ट्रेमध्ये जणू हाऊसफुल्ल. दहाव्या दिवशी फरक लांबूनही दिसू लागला. साहेब येऊन बघून गेले आणि जाताना तिच्याकडे बघून भुवया उडवल्या. तिला वाटलं, आपला हात गुणाचा. आत कुठेतरी एक कुसळ टोचत होतं, पण त्याकडे तिनं पाहिलं नाही.

चौदाव्या दिवशी मोजणी झाली. शंभरात शहाऐंशी धड रोपं. तिनं फॉर्म भरला. शेवटी शेरा लिहायचा रकाना होता, त्यावर तिचं पेन थोडा वेळ रेंगाळलं आणि पुढे गेलं. रकाना कोरा राहिला.

दुपारी परीक्षकबाईंनी फळ्यावर बारा आकडे लिहिले. अठ्ठावन्न, एकसष्ट, साठ, बासष्ट, एकोणसाठ. अकरा आकडे एकमेकांना खेटून बसलेले, आणि शेवटी एकटा उंच शहाऐंशी. साहेबांनी टाळी वाजवली, दोघातिघांनी साथ दिली. परीक्षकबाईंनी नाही. त्या ट्रेपाशी गेल्या आणि भिंगरीची रोपं त्यांनी स्वतः मोजली. शहाऐंशीच. मग हळू आवाजात म्हणाल्या की एकाच बियाण्यात एवढा फरक नशिबानं पडत नाही, त्याचे तक्ते ठरलेले आहेत. मोजणी बरोबर आहे, तर मिसळण्यात चूक असणार. चांगलं बी एका वाट्यात गेलं असेल. तसं असेल तर सगळ्यांचीच परीक्षा रद्द करावी लागेल.

सगळ्या माना दाराकडे वळल्या. निकाल ऐकायला काका इस्त्रीचा शर्ट घालून तिथे उभे होते.  त्यांनी एकदा आपल्या हातांकडे पाहिलं, उलटे केले, सुलटे केले, आणि खिशात घातले.

भिंगरी जागच्या जागी थिजली होती. चोवीस वर्षांत तिला असं निश्चल कुणी पाहिलं नव्हतं. नटाला शब्द आठवेनासा झाला की नाट्यगृहात एक शांतता पसरते. पहिल्या रांगेलाही घाम फुटतो. ही शांतता तशीच होती, फक्त इथे शब्द आठवत होता. आणि तो उच्चारला की चोवीस वर्षांनी मिळालेली खुर्ची जाणार, हेही कळत होतं.

"वाटणी बरोबर आहे," ती म्हणाली. "मी दार उघडत होते. माझे ट्रे खिडकीत नेत होते."

परीक्षकबाईंनी विचारलं, किती वेळा.

"एक्केचाळीस."

साधारण एक्केचाळीस का, असं त्यांनी पुन्हा विचारलं.

"साधारण नाही. एक्केचाळीस. सकाळची नेमाची धरली नाही त्यात."

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच खोकल्याचा आव आणला. परीक्षकबाई खिडकीपाशी गेल्या, काचेला हात लावला. काच बर्फासारखी होती. मग त्यांनी वर्गाला समजावून सांगितलं. या गवताच्या शंभरात तीसेक बिया झोपलेल्या होत्या, मुद्दामच तसलं बी निवडलं होतं. पेटीत सारखी ऊब मिळाली असती तर त्या झोपूनच राहिल्या असत्या. हिच्या बियांना मात्र खिडकीत गारठा, पेटीत ऊब, पुन्हा गारठा, पुन्हा ऊब मिळाली. उघड्या शेतात दिवसरात्र होते तशी. बियांना वाटलं, ऋतू आला. आणि त्या उठल्या.

एवढं सांगून त्या भिंगरीकडे वळल्या. "झोपलेल्यांना उठवा असं सांगितलं नव्हतं. झोपलेत की मेलेत, एवढंच विचारलं होतं."

तिचा निकाल रद्द झाला. साहेब खाली बसले. परीक्षकबाईंनी फॉर्म उचलला, कोऱ्या शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवलं, आणि म्हणाल्या की आता सांगितलंत म्हणून पुन्हा एकदा लावता येईल, तेच बी, नवे ट्रे, चौदा दिवस. आपण तोवर परत गेलेल्या असू. निकाल साहेबांनी मोहोरबंद करून पाठवावा. आणि किल्ली या बाईंकडे राहणार नाही.

किल्ली काकांकडे गेली. त्यांनी ती सुतळीत ओवून गळ्यात घातली.

दुसऱ्या दिवशी अकरा जणांना प्रमाणपत्रं मिळाली. समारंभाच्या खुर्च्या भिंगरीनंच मांडल्या. बारा मांडून झाल्यावर एक उचलून परत नेली.

मग सुरू झाले ते चौदा दिवस. सकाळी काका दार उघडायचे, ती कागद ओले करायची, दार लागायचं, आणि पुढचे सगळे तास नुसते समोर उभे राहायचे. तिनं कपाटं आवरली. आवरलेली पुन्हा आवरली. पेटीजवळून जाताना पाय आपोआप मंद व्हायचे. पहिले दोन दिवस काका तिच्याशी कामापुरतंही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी यंत्र पुसता पुसता म्हणाले, "एक्केचाळीस? मला वाटलं होतं तीसेक असतील."

तिनं हातातली बाटली खाली ठेवली. "काका, तुम्हाला माहीत होतं?"

"माझं यंत्र त्या खिडकीच्या समोरच आहे."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत? तुमच्यावर आलं होतं सगळं."

"तुझं वाक्य होतं ते," काका म्हणाले. "मी कसं बोलणार?"

आणि पुन्हा यंत्र पुसू लागले. ती पाणी आणायला म्हणून बाहेर गेली, ती बराच वेळ आली नाही.

घरी शिंप्यानं तिला उसवायला जुने कोट दिले. हे काम माणसाला बसवतं, असा त्याचा अनुभव. एका रविवारी तिनं सात कोट उसवले. त्यातला एक गिऱ्हाइकाचा नवा होता. शिंप्यानं कपाळावर हात मारला आणि तो रात्रीत पुन्हा शिवून टाकला. नवव्या दिवशी संध्याकाळी तिच्या येरझारा इतक्या वाढल्या की सासूबाई काठी टेकत उठल्या.

"ये, बस माझ्या खुर्चीत," त्या म्हणाल्या. "मी फिरते तुझ्याऐवजी."

आणि ऐंशी वर्षांच्या सासूबाई खरोखर फिरू लागल्या. स्वयंपाकघर, गॅलरी, दार, पुन्हा स्वयंपाकघर. भिंगरी खुर्चीत बसून मान फिरवत त्यांच्याकडे बघत राहिली. तिसऱ्या फेरीला धाप लागली, तेव्हा भिंतीला टेकून सासूबाई म्हणाल्या की काय सापडतं गं तुला यात, मला तर काहीच मिळालं नाही. शिंपी हसला. भिंगरीला हसू आलं आणि त्याच्या शेपटाला रडूही. पण त्या संध्याकाळी ती अर्धा तास बसली. पंचवीस वर्षांच्या संसारातला उच्चांक.

चौदाव्या दिवशी काकांनी किल्ली लावली. साहेब कडेला उभे राहिले. शंभरात साठ धड, तीन लंगडी, सदतीस बिया तशाच पडलेल्या. तिनं एकेक बी चिमट्यानं हलकेच दाबलं. शंभरामागे आठ पिचल्या, आतून काळ्या. एकोणतीस टणक. टणक बियांना चीर देऊन तिनं त्या औषधाच्या पाण्यात ठेवल्या. ते औषध जिवंत गर लाल करतं, मेलेल्याला रंग चढत नाही. संध्याकाळपर्यंत एकोणतीसच्या एकोणतीस लाल झाल्या. ओठांसारख्या लाल. ती वाकून बघतच राहिली. सगळ्या जिवंत होत्या, आणि एकीलाही घाई नव्हती.

फॉर्मवर तिनं झोपलेल्या एकोणतीस लिहिल्या. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: "दार चौदा वेळा उघडलं."

प्रमाणपत्र यायला महिना लागला, आणि त्या महिन्यात टपालवाल्याला तिनं किती वेळा गाठलं हे तोच सांगेल. पाकिटात प्रमाणपत्राबरोबर परीक्षकबाईंची चिठ्ठी होती, एका ओळीची: किल्ली आता बाईंकडे द्यायला हरकत नाही. साहेबांनी ती वाचून दाखवली. काका गळ्यातली सुतळी काढू लागले, तर भिंगरी म्हणाली, "राहू द्या. तुम्ही जाईपर्यंत तरी राहू द्या."

तिच्या अधिकारातला पहिला नमुना आला तो काकांच्या शेवटच्या आठवड्यात. साधा, कुणाच्या तरी गोदामातला, दहा पोत्यांचा. ट्रे पेटीत गेले. अहवालाचा कोरा कागद साहेबांनी तिच्या टेबलावर ठेवला. खाली सहीची रेघ, रेघेखाली तिचा हुद्दा छापलेला. तिनं तो कागद उलटा करून ठेवला. इतकी वर्षं साहेबांची सही होती, चुकलं तर साहेब होते. आता रेघेच्या वर कुणी नव्हतं. पूर्वी जीव कासावीस व्हायचा तो आपल्या बियांसाठी. आता ही पोती कुणाच्या शेतात रिकामी होणार, त्या अनोळखी माणसासाठी व्हायला लागला. सही मिळाली की हे थांबेल, असं तिला वाटलं होतं.

पाचव्या दिवशी तीन वाजता ती काकांसमोर येऊन उभी राहिली.

"तिसऱ्या ट्रेत सकाळी पाणी जास्त पडलं की काय, तेवढं बघायचंय."

काकांनी सुतळी काढून किल्ली पुढे केली. तिनं दार उघडलं, ट्रे बाहेर न काढता वाकून पाहिलं, कागदाच्या कोपऱ्याला बोट लावलं. पाणी बेताचंच होतं. दार लावलं. अर्धं मिनिटही झालं नसेल.

मग तिनं टांगलेली वही काढली. जादा दार उघडलं तर वेळ, कारण आणि जबाबदार माणसाची सही, असे तीन रकाने त्यात पहिल्यापासून होते. तिनंच आखले होते आणि आजवर कोरे राहिले होते. तिनं लिहिलं: तीन वाजून चार मिनिटं. कारणाच्या रकान्यात जरा थांबून लिहिलं: राहवलं नाही. आणि तिसऱ्या रकान्यात, प्रमाणपत्रावरच्या नावानं, सावकाश, पूर्ण सही केली.

काकांनी वाकून ती सही वाचली, किल्ली परत गळ्यात घातली, आणि विचारलं, "किती झाली?"

"एक," भिंगरी म्हणाली.